पंधरा किलोंची आफ्रिका: केनिया-टांझानियाच्या सफारीची बॅग कशी भरायची

नैरोबीत दोन विमानतळ आहेत. मुंबईहून येणारं विमान थोरल्यावर उतरतं. धाकट्याचं नाव विल्सन, आणि मसाई माराकडे जाणारी बारा-तेरा आसनांची विमानं तिथून सुटतात. त्या विल्सनवर काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने माझ्या ट्रॉलीवर बोटाने टकटक केलं, माठ घेताना आपण करतो तसं. आवाज कडक आला. तो म्हणाला, ‘पोले साना.’ स्वाहिलीत याचा अर्थ ‘फार वाईट वाटतंय’. कडक कवचाची बॅग विमानाच्या पोटात मावत नाही, आणि हातातली पिशवी धरून माणशी १५ किलोंच्या वर काही चढत नाही, हे दोन्ही तिकिटावर छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

पुढची वीस मिनिटं आमचा संसार प्रतीक्षागृहाच्या फरशीवर मांडलेला होता. आईने सवयीने आणलेल्या दोन कापडी पिशव्यांत हाताला येईल ते कोंबलं आणि ट्रॉली हॉटेलच्या गाडीवाल्याबरोबर परत पाठवली. त्या घाईत मी जाड जॅकेट ट्रॉलीतच राहू दिलं. आफ्रिकेत कशाला लागतंय!

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, उघड्या टपाच्या गाडीत, मी आईची शाल कानाला गुंडाळून दात वाजवत सिंह बघितला.

तेव्हापासून ओळखीपाळखीत कोणी सफारीला निघालं की फोन मला येतो. तोच सगळा फोन इथे लिहून काढतोय. हे केनिया आणि उत्तर टांझानियापुरतं आहे: मसाई मारा, अंबोसेली, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो. मुंबई-पुण्याकडची बहुतेक मंडळी तिथेच जातात, आणि त्यातली बरीचशी विल्डबीस्ट या गायीएवढ्या रानटी जनावराचे कळप नदी ओलांडताना बघायला जुलै ते ऑक्टोबरमध्ये.

आधी एक दिवस डोळ्यांसमोर आणा

यादी करायला बसण्याआधी सफारीचा एक दिवस कसा जातो ते बघा. पहाटे साडेपाचला चहा. सहाला गाडी निघते आणि टप वर उचललं जातं. बाहेर दहा-बारा अंश आणि वर चालत्या गाडीचा वारा. नऊला एखाद्या झाडाखाली नाश्ता, तेव्हा एक थर उतरतो. अकराला ऊन चटके देतं. दिवसभर धूळ असतेच. अंबोसेली या नावाचा अर्थच तिथल्या मासाई लोकांच्या भाषेत ‘खारट धूळ’ असा सांगतात. दुपारी आराम, साडेतीनला पुन्हा गाडी, साडेसहाला अंधार पडायच्या आत परत. पायी चालणं जवळजवळ शून्य. जनावरं आसपास असताना गाडीतून उतरायला मनाईच असते.

म्हणजे बॅग भरायची ती गाडीतल्या या सात-आठ तासांसाठी. एखादी वस्तू हातात घेतली की विचारायचं: हे गाडीत लागेल का? नाही तर मग झोपताना? दोन्हीला उत्तर ‘नाही’ आलं की वस्तू परत कपाटात.

थंडीबद्दल लोकांना पटतच नाही, म्हणून आपल्याकडचा आकडा देतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. नैरोबी शहर साधारण १,८०० मीटरवर आहे, म्हणजे तिथला माणूस भाजी आणायला जातो तोच कळसूबाईच्या माथ्याहून उंचावर. न्गोरोंगोरोच्या विवराची कड तर २,२०० मीटरच्याही पलीकडे. शिवाय हा सगळा भाग विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, त्यामुळे आपला जुलै-ऑगस्ट हा त्यांचा गारठ्याचा काळ.

पायरी १: दोन महिने आधी, कागद आणि सुई

बॅगेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे एक पिवळी पुस्तिका. यलो फीव्हरची म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचं ते आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. गंमत अशी की त्याची खरी गरज परत येताना पडते. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे, म्हणून आपलं सरकार याबाबत कडक आहे. केनियाहून प्रमाणपत्राशिवाय परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथे ठरावीक वार असतात आणि आधी नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमानुसार ती आयुष्यभर चालते. जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही.

लस जिवंत विषाणूची आहे. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. आई-वडिलांना नेणार असाल तर सहल ठरवण्याआधी हे बोलून घ्या, पैसे भरल्यावर नको.

व्हिसाचं थोडक्यात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन ‘ईटीए’ परवानगी सुरू केली आहे. टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा. पूर्व आफ्रिकेचा एकत्रित पर्यटक व्हिसा म्हणून एक प्रकार आहे, पण तो केनिया, युगांडा आणि रवांडाचा. टांझानिया त्यात नाही, आणि इथे बरेच जण फसतात. पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने शिल्लक हवा.

विमा काढताना विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे बघा. माराच्या मध्यावर पाय मोडला तर रस्त्याने नैरोबी गाठायला पाच-सहा तास लागतात. तिथली आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा १९५७ पासून नेमकं हेच काम करते आहे. विम्याला स्वाहिलीत ‘बिमा’ म्हणतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’. तिकडे गेल्यावर अर्धं बोलणं ओळखीचं वाटतं ते यामुळे.

सगळ्या कागदांच्या दोन छापील प्रती काढा. एक तुमच्याकडे, एक बरोबरच्या माणसाच्या बॅगेत. कॅम्पमध्ये नेटवर्क असेलच असं नाही.

पायरी २: बॅग

मऊ डफल बॅग, चाकं नसलेली, साधारण ६० लिटरची. विल्सनवरून उडणाऱ्या सेस्ना कॅरॅव्हॅनसारख्या विमानांत सामान पोटाखालच्या पेटीत कोंबतात. बॅग दाबली की दबली पाहिजे. चाकांच्या बॅगेला आत दांडे असतात, ती दबत नाही आणि रिकामीच तीन-चार किलो भरते. डफल एका किलोत बसते.

तुम्ही सगळा प्रवास गाडीनेच करणार असाल तर ट्रॉली चालेल, असं टूरवाले सांगतात. चालेल, पण लँड क्रूझरमध्ये सहा माणसं बसल्यावर मागे सामानाला जी जागा उरते ती बघितलीत तर तुम्ही स्वतःच डफल घ्याल.

आत कपडे लावायला नाडीच्या कापडी पिशव्या शिवून घ्या. जुन्या साडीच्या, जुन्या पडद्याच्या, कशाच्याही. आईने आमच्या पुढच्या खेपेला आठ शिवल्या: निळ्या काठाची आतल्या कपड्यांची, पिवळी मोज्यांची, असं. अंधाऱ्या तंबूत पहाटे पाचला मोजे सापडणं ही चैन आहे, एवढंच सांगतो.

कापडीच का, तर प्लॅस्टिकच्या पिशव्या तिकडे चालत नाहीत. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आणली, महाराष्ट्राच्या प्लॅस्टिकबंदीच्या आधी जवळपास वर्षभर, आणि शिक्षा चार वर्षांच्या तुरुंगापर्यंत आहे. टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे. शिवाय ५ जून २०२० पासून केनियाच्या अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, कप, स्ट्रॉ नेता येत नाहीत. आपल्याला चपला कॅरीबॅगमध्ये, साबण कॅरीबॅगमध्ये, ओले कपडे कॅरीबॅगमध्ये घालायची सवय आहे. बॅग भरून झाल्यावर फक्त प्लॅस्टिक शोधायला म्हणून एकदा सगळी उपसा. विमानतळावरच्या दुकानाची पिशवीसुद्धा त्यातच मोजा.

पायरी ३: कपडे

आठवडाभराच्या सफारीसाठी, एका माणसाला, अंगावरचे धरून: तीन सैल सुती किंवा लवकर वाळणाऱ्या पँट, चार पूर्ण बाह्यांचे शर्ट किंवा कुर्ते, दोन टी-शर्ट, एक फ्लीस, एक वारा अडवणारं जॅकेट, थर्मलचा एक जोड, सहा जोड आतले कपडे, पाच जोड मोजे, रात्रीचा एक सेट. यावर एकही नग वाढवू नका. बहुतेक कॅम्पमध्ये कपडे धुऊन मिळतात. मात्र आतले कपडे बरेच ठिकाणी धुवायला घेत नाहीत, तिथल्या रीतीला ते धरून नाही. त्यासाठी साबणाची वडी आणि दोन मीटर सुतळी.

रंग खाकी, मातकट, शेवाळी, फिकट तपकिरी. पांढरा पहिल्या तासात तांबडा होतो. गडद निळा आणि काळा टाळा, आणि याला पक्कं कारण आहे: त्से-त्से माशीला हे दोन रंग ओढतात. टांझानियात झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे झेंड्यासारखे सापळे टांगलेले दिसतात ते त्या माशीसाठीच. तिथल्या तारांगिरे अभयारण्याकडे किंवा सेरेंगेटीच्या पश्चिम भागात जाणार असाल तर हे फार मनावर घ्या. ती माशी पातळ कापडातूनही चावते, आणि डासांच्या मलमाला फारशी भीक घालत नाही. म्हणजे आपली सगळ्यांची आवडती निळी जीन्स बाद. तशीही ती जड असते आणि वाळत नाही.

लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत. झिम्बाब्वे, झांबिया, युगांडात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, आणि पूर्व आफ्रिकेत इतरत्रही उगाच प्रश्न ओढवून घेतल्यासारखं होतं. लहान मुलांची टोपीसुद्धा तपासा.

आता माझी लाडकी वस्तू: ओढणी. सुती, मोठी, मळखाऊ रंगाची. धुळीत तोंडाला, उन्हात मानेला, थंडीत कानाला, कॅमेऱ्यावर पांघरायला, गाडीत मुलगी झोपली तर तिच्यावर घालायला. पुरुषांनी लाजू नये. ओढणी म्हणायचं नसेल तर पंचा म्हणा. महागाचे ते नळीसारखे रुमाल मी वापरून बघितलेत, त्यांनी यातली दोनच कामं होतात.

दुसरी कानटोपी. हो, तीच, घाटात बसच्या खिडकीशी बसलेले आजोबा घालतात ती. उघड्या टपातून डोकं बाहेर काढून उभं राहिल्यावर इतर देशांचे प्रवासी तुमच्याकडे हेव्याने बघतात. उन्हाची टोपी वेगळी, रुंद काठाची, आणि हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली. दोरी नसलेल्या टोप्या माराच्या गवतात किती पडल्या असतील, देव जाणे. एकदा पडली की उतरून आणता येत नाही.

बायकांसाठी दोन गोष्टी, बायकोने आवर्जून लिहायला सांगितलेल्या. रस्ते इतके खडबडीत असतात की वाहनचालक हसत हसत त्याला ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घ्या. आणि गुडघ्यापर्यंतचा कुर्ता ठेवा. शौचालय दोन-दोन तास येत नाही. मग चालक एखादी सुरक्षित जागा पाहून ‘टायरची हवा तपासायला’ थांबतो. गाडीच्या आडोशाला कुर्त्याचा फार आधार होतो.

बूट एकच जोड, मळलेले आणि पायाला सरावलेले, आणि ते विमानात पायातच घालायचे. कॅम्पसाठी सपाता. ट्रेकिंगचे जाड बूट चालण्याची सफारी ठरवली असेल तरच.

पायरी ४: गाडीतली पिशवी

मोठी डफल तंबूत राहते. दिवसभर मांडीवर असते ती लहान सॅक, आणि बरेच जण तिचा विचार विमानात बसल्यावर करतात. त्यात दुर्बीण, ओढणी, पाण्याची स्टीलची बाटली, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, चष्मा, कागदी रुमाल, हात पुसायला ओला नॅपकिन आणि वापरलेला कागद परत आणायला एक कागदी पिशवी. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी साधा चष्मा न्यावाच. धुळीत लेन्स दुसऱ्या दिवशी डोळ्यांतून काढावी लागते. दम्याचा पंप असेल तर तो या सॅकमध्ये, डफलमध्ये नाही.

उन्हाला कमी लेखू नका. सूर्य जवळजवळ डोक्यावर, त्यात उंची, आणि वाऱ्यामुळे चटका कळत नाही. मुलीचं नाक तिसऱ्या दिवशी सोललं, ढगाळ सकाळी.

पायरी ५: दुर्बीण, कॅमेरा, वीज

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर दुर्बिणीवर करा. चारशे मीटरवरच्या बाभळीच्या फांदीवर लोंबणारी बिबट्याची शेपटी फोनमध्ये दिसत नाही. ८x४२ घ्या: पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमध्ये व्यास. १० पटीची मिळते, पण हलत्या गाडीत आणि थरथरत्या हातात ८ पटीचीच स्थिर राहते. आणि माणशी एक. चौघांत एक दुर्बीण नेलीत तर तुमच्या पाळीपर्यंत चित्ता गवतात शिरलेला असतो. आमच्या घरात त्यावरून झालेलं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

कॅमेरा असेल तर १००-४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. तिपाई घरी ठेवा, गाडीत तिला उभं राहायला जागाच नाही. त्याऐवजी जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवून टाका, दुसऱ्याला नाडी घाला. रिकामी न्या. नैरोबीत किंवा टांझानियातल्या अरुषा शहरात दुकानातून दोन किलो तांदूळ घेऊन त्यात भरा. टपाच्या कडेवर ही उशी ठेवली की तिच्यात लेन्स अशी रुतून बसते की जड लेन्सचा फोटोही हलत नाही. लेन्स गाडीत बदलू नका. कॅमेरा वापरात नसताना उशीच्या अभ्र्यात घाला. रात्री त्याच अभ्र्यात फ्लीस भरलं की जादा उशी तयार.

मेमरी कार्डं वाटतात त्याच्या दुप्पट. पहिल्या दिवशी माणूस झेब्र्याचे दोनशे फोटो काढतो, चौथ्या दिवशी झेब्रा दिसला तरी मान वळवत नाही. पण तो पहिला दिवस सांभाळायला हवा.

विजेचं: दोन्ही देशांत ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पात्यांचं सॉकेट असतं. आपली गोल पिन त्यात जात नाही. अडॅप्टर एक आणि त्याला लावायला लहानसा मल्टिप्लग. कॅम्पमधली वीज सौर किंवा जनरेटरची, ठरावीक तासच, त्यामुळे पॉवर बँक हवीच. ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. विमानात १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी न घेता चालते, आणि २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते. केस वाळवायचं यंत्र नेऊ नका, त्याने अख्ख्या कॅम्पचा दिवा जाऊ शकतो. डोक्याला बांधायची बॅटरी मात्र न्या. रात्री तंबूतून जेवणाच्या जागी जाताना मासाई पहारेकरी सोबत असतो, पण तंबूच्या आत तुम्ही आणि अंधार. तसंच, रात्री पांघरुणात पायाला काही कोमट लागलं तर ओरडू नका. कॅम्पवाले गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात. आईच्या किंकाळीने शेजारचे दोन तंबू जागे झाले होते.

पायरी ६: औषधं

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनीच लिहून द्यायच्या, पण त्यांना ‘पूर्व आफ्रिका’ हे शब्द नक्की सांगा. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा आणि क्लोरोक्विनला दाद न देणारा आहे, त्यामुळे घरात पडलेल्या जुन्या गोळ्या चालणार नाहीत. सहसा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. दोन्ही जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू होतात. पहिली परतल्यावर सात दिवस घ्यायची, दुसरी चार आठवडे. घरी आल्यावर गोळ्या विसरणारे भरपूर, म्हणून फोनमध्ये गजर लावूनच निघा. डॉक्सिसायक्लिनने ऊन जास्त बाधतं, तेही लक्षात असू द्या. परतल्यावर काही आठवड्यांत, अगदी काही महिन्यांनीही ताप आला, तर डॉक्टरांना आफ्रिकेला जाऊन आल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

डासांसाठी २० ते ३० टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम. संध्याकाळी लांब बाह्या.

बाकी नेहमीचं: तापाची गोळी, जुलाबावर ओआरएस, ॲलर्जीची गोळी, गाडी लागण्यावरची गोळी, पट्ट्या, जंतुनाशक. रोजची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, आणि ती हातातल्या सामानात. गोळ्या काढून डबीत भरायची आपल्याकडच्या ज्येष्ठांची सवय या प्रवासापुरती मोडा.

पायरी ७: खाऊ

आपल्या माणसांची बॅग फुगते ती इथे. पंधरा किलोंपैकी खाऊला दीड किलो, त्यावर एक चकलीही नाही, असा आमच्या घरचा ठराव आहे. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. १८९६ पासून मोम्बासाहून रेल्वे बांधायला हजारो भारतीय मजूर नेले गेले, त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले, आणि आज ‘चपाती’ आणि ‘चाय’ हे केनियातले रोजचे शब्द आहेत. कॅम्पमध्ये आधी कळवलंत तर वरण-भातासारखं काहीतरी मिळतंच. सोबत हवं ते पहाटेच्या फेरीसाठी: चिक्की, भाजलेले चणे, शेंगदाण्याचे लाडू, चहाचा मसाला. लोणच्याची बरणी नको. लहान विमानात वर गेल्यावर ती काय करते ते माझ्या एका शर्टाने बघितलंय.

खाऊ तंबूत ठेवायचा नाही, कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यायचा. माकडांना आणि बबूनना तंबूची चेन उघडता येते. आणि उघड्यावर खाताना वर बघा. न्गोरोंगोरोच्या विवरात तळ्याकाठी जेवणासाठी थांबायची जागा आहे, पाण्यात पाणघोडे, अगदी चित्रातल्यासारखी. चालकाने ‘गाडीतच खा’ सांगितलं होतं. मी थेपल्याची गुंडाळी घेऊन खाली उतरलो. तोंडाजवळ नेली आणि मागून कानाला वारा लागला. हातात काही नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक लाल रेघ, आणि वर आपल्याच घारीच्या जातीची घार, चोचीत नाही, पायात धरून उडता उडता खाणारी. चालकाने काहीही न बोलता दार उघडून धरलं.

पायरी ८: पैसे

अमेरिकन डॉलर न्या, पण नोटा नव्या छपाईच्या आणि कोऱ्या. जुन्या मालिकेच्या, घडी पडलेल्या, शाईचा ठिपका असलेल्या नोटा तिकडे सर्रास नाकारतात. २०१३ नंतरच्या छपाईच्या असाव्यात असा आग्रह पैसे बदलून घेतानाच धरा. एक, पाच आणि दहाच्या नोटा भरपूर. चालक आणि कॅम्पच्या कर्मचाऱ्यांचं बक्षीस वेगवेगळ्या पाकिटांत घरूनच भरून ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर नोटा मोजत बसायला नको.

दागिने घरी. ड्रोनही घरी; परवान्याशिवाय तो अभयारण्यात उडवता येत नाही आणि सीमेवर जप्त होऊ शकतो.

पायरी ९: तोला, आणि एकदा तालीम करा

निघायच्या चार दिवस आधी बॅग पूर्ण भरा. घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग बॅगा घेऊन, वजाबाकी करा. आमचा माणशी हिशोब असा बसतो: रिकामी डफल १ किलो, कपडे ५, कॅमेरा-लेन्स ३, दुर्बीण पाऊण, औषधं आणि प्रसाधनं दीड, वायरी-चार्जर-पॉवर बँक १, खाऊ दीड. एकूण पावणेचौदा. उरलेला सव्वा किलो मोकळा सोडा. तिकडे लाल-काळ्या चौकड्यांची मासाई शाल, शुका, तुम्ही घेणारच, आणि ती घेतलेली बरी: पहाटेच्या गाडीत ती गुडघ्यांवर लागते. तांदळाचे दोन किलो मात्र मोजायला विसरू नका. विल्सनवरून उडणार असाल तर उशी रिकामीच ठेवा आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरात भरून मागा.

मग तालीम. पहाटे साडेपाचला उठून, दिवा न लावता, गाडीतली सॅक आणि सगळे थर दहा मिनिटांत अंगावर चढवून बघा. जे सापडलं नाही त्याची जागा बदला. केनियाचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास आहे, त्यामुळे तिकडे पहिले दोन-तीन दिवस लवकर उठणं सोपं जातं; आपल्याकडचे आठ वाजतात तेव्हा तिथे साडेपाच झालेले असतात.

परतीच्या आदल्या रात्री तांदूळ स्वयंपाकघरात देऊन टाका आणि जीन्सच्या पायाची घडी करून ठेवा. पिवळी पुस्तिका डफलमधून काढून पासपोर्टच्या आत घाला. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेआधी आरोग्य विभागाचं टेबल लागतं, आणि तिथे पहिली तीच मागतात.